मंगळाचं बिऱ्हाड

मावशीला सगळे एकखेप म्हणत. लोकांची बिऱ्हाडं हलवून द्यायचा तिचा धंदा, आणि तीस वर्षांत एकाही घरासाठी तिच्या टेंपोनं दुसरी खेप मारली नव्हती. दारात कमरेवर हात ठेवून ती उभी राहायची, डोळे बारीक करून कपाटापासून केरसुणीपर्यंत सगळं नजरेखालून घालायची, आणि घरमालकाचा जीव टांगणीला लागला की म्हणायची, बसतंय. मग ते बसायचंच. कुकरात मोजे, मोज्यांत काचेचे पेले, गुंडाळलेल्या गादीच्या पोटात भिंतीवरचं घड्याळ. रिकामं भांडं टेंपोत चढलेलं तिला खपत नसे. भाडं भरून हवा न्यायची का, असं गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायची. टेंपो तिचा नवरा चालवायचा. तीस वर्षं त्याच्या हातात चाक होतं आणि तीस वर्षं त्याच्या मांडीवर कुणाची ना कुणाची कुंडी होती.

तिचा भाचा मात्र शिकून इंजिनिअर झाला. माणसं मंगळावर पाठवता येतील का आणि केवढ्याला पडेल, हे शोधणाऱ्या कचेरीत तो अकरा वर्षं खपत होता. एका रविवारी सकाळी तो आला, समोरच्या चहावर साय धरली तरी त्यानं कपाला हात लावला नाही. मावशीनं खोदून विचारलं तेव्हा गाडी सुरू झाली. चार माणसं पाठवायची. जायला आठ महिने, तिथं दीड वर्ष, यायला आठ महिने. एवढ्या दिवसांचं सगळं बरोबर न्यायचं, कारण वाटेत दुकान नाही. आणि एक किलो तिथवर पोचवायचा तर एका टेंपोची किंमत मोजावी लागते.

"नवा का जुना?" नवऱ्यानं विचारलं.

भाच्यानं ते कानाआड केलं. खरी अडचण जागेची होती. यानाची खोली मावशीच्या घरातल्या तीन खोल्यांएवढी, आणि सामान काही केल्या मावत नव्हतं. कचेरीतल्या मोठ्या बाईंनी शेवटची मुदत दिली होती. खोलीचा नमुना सामानानं भरा, चार माणसं आत कोंडा, महिनाभर दार न उघडता राहून दाखवा. जमलं तर पुढं बघू, नाहीतर माणसांचं नाव यादीतून काढू आणि नुसती यंत्रं पाठवू. यंत्राला खायला लागत नाही, आंघोळ लागत नाही, आणि परत आणलं नाही तरी त्याची आई विचारायला येत नाही.

"न्यायचंय तरी काय काय?"

"सगळंच गं. पाणी, जेवण, औषधं. हवासुद्धा."

मावशीचा चेहरा कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. तीस वर्षं जी वस्तू तिनं टेंपोत चढू दिली नाही, ती इथं यादीत पहिल्या नंबरला. पण भाच्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. ती म्हणाली, "एका खेपेत बसवून देते. नाही बसलं तर मला एकखेप म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन कचेरीच्या शेडमध्ये हजर. खोली म्हणजे आडवं पाडलेलं पिंप. चार दिवस मावशी बाह्या सारून त्यात राबली. इंजिनिअर लोकांनी प्रत्येक वस्तूला खोकं केलं होतं आणि खोक्यात वस्तूपेक्षा फोम जास्त. तिनं फोम काढून टाकला आणि त्या जागी चौघांचे कपडे कोंबले. बुटांच्या पोटात औषधाच्या बाटल्या गेल्या. प्रत्येकी दहा शर्ट बघून कुणाच्या लग्नाला निघालेत का, असं तिनं विचारलं आणि सहा-सहा परत पाठवले. चौघांपैकी दाढीवाल्या डॉक्टरनं बासरी आणली होती. ती तिनं मोडायला सांगितली नाही, पण तिच्या आत दातकोरण्या भरल्या. जड खोकी तिनं नेहमीच्या हिशोबानं सगळ्यांत आधी, पार मागच्या भिंतीला लावली, त्यांवर तीन वर्षांचं जेवण रचलं, वर पांघरुणं दाबली. शेवटी दाराजवळ वीतभर जागा उरली. नवऱ्यानं ती स्वतःच्या वितीनं मोजून जाहीर केली. इंजिनिअरांनी तोंडात बोटं घातली. भाच्यानं मावशीचे पाय तेवढे धरायचे बाकी ठेवले होते.

चौघं आत गेले, दार लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला. आत पाणी गाळायचं यंत्र होतं. चौघांच्या अंगातून जे जे पाणी बाहेर पडेल ते गाळून पुन्हा प्यायचं, अशी सोय. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून नवऱ्यानं त्या कचेरीतला चहा सोडला होता. तर त्या यंत्राची जाळी तुंबली. दुसरी जाळी सामानात होती. फक्त ती होती मागच्या भिंतीला, पार तळाशी, तीन वर्षांच्या जेवणाखाली.

मावशी पोचली तेव्हा शेडमधल्या पडद्यासमोर मोठ्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. पडद्यावर चौघांचे हाल दिसत होते. दोन थैल्या काढल्या की ठेवायच्या कुठं, म्हणून पुन्हा त्याच जागी. एक जण संडासावर बसून मांडीवर चार पोती सांभाळत होता, आणि बसण्याचं कारण पोती एवढंच होतं. दार उघडलं की परीक्षा संपली, आणि भाच्याची अकरा वर्षंही. त्यानं तिला बसायला खुर्ची पुढं केली. तेच मावशीला जास्त झोंबलं.

चूक तिला एका नजरेत कळली. बिऱ्हाड हलवताना वाटेत कुणी काही मागत नाही, सगळं शेवटी अंगणात उतरतं. इथं अंगणच नव्हतं, आणि माणसं टेंपोतच राहायला आली होती.

तिनं भाच्यासमोरचा माईक ओढला. "डॉक्टर, तुम्ही हलू नका, तुम्ही आता कपाट आहात," असं म्हणून त्याच्या दोन्ही काखांत पांघरुणं द्यायला लावली. संडासात छतापर्यंत थैल्या रचायला सांगितल्या. मग एक पोतं पुढं, एक माणूस मागं, अशी तीन तास ती त्यांना सरकवत राहिली. मध्ये एकाला संडासाची घाई झाली, त्याला तिनं वीस थैल्या थांबायला सांगितलं. संध्याकाळच्या आत जाळी हाताला लागली. बसवली. यंत्र घरघरलं आणि चौघं जिथं होते तिथंच खाली बसले.

मावशीनं त्यांना बसू दिलं नाही. रोज लागणारं पुढं, महिन्यानं लागणारं मागं, आणि मधून माणूस जाईल एवढी गल्ली, अशी मांडणी तिनं पुन्हा करून घेतली. ती झाली तेव्हा अकरा पोती उरली. ती चौघांच्या अंथरुणांवर पडली होती.

मोठ्या बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मावशी, खरं सांगा. बसेल हे एका खेपेत?"

भाचा तिच्याकडे बघत होता. नवराही बघत होता, बिना कुंडीचा. अकरा पोती कोंबायला तिला अर्धा तास पुरला असता. आणि चौथ्या महिन्यात दुसरी जाळी तुंबली असती, तेव्हा माईकवर बोलायला ती तिथं नसती.

"नाही बसत," मावशी म्हणाली. "दोन खेपा लागतील. आधी नुसतं सामान जाऊ द्या. ते धड पोचलं, यंत्र सुरू झालं, पाणी आलं असं कळलं, की मग माणसं उचला. मी तरी माझी पोरं तशीच पाठवली असती."

"दोन खेपांचा खर्च माहीत आहे का तुम्हाला?"

"एकीचाच परवडत नव्हता, असं भाचा म्हणत होता."

बाई हसल्या, कबूल काही केलं नाही. पण महिना पुरा होईपर्यंत दार बंदच राहिलं, चौघं अकरा पोत्यांवर झोपले, आणि महिन्याच्या शेवटी निकाल आला. माणसांचं नाव यादीतून काढलेलं नव्हतं. त्याच्या वरच्या ओळीत सामानाचं नाव चढलं होतं. माणसं कधी, त्यापुढं कोरी जागा. भाच्याला ती जागा भरायला आणखी सहा वर्षं मिळाली, आणि तो खुशीत दोन कप चहा प्याला.

त्याच आठवड्यात मावशी एका मास्तरांच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बसतंय, म्हणाली. बसलंही. फक्त शेवटी पातेलं, साखरेचा डबा आणि दोन कप तिनं आत जाऊ दिले नाहीत, टेंपोच्या दाराशी हाताला येतील असे ठेवले.

"रिकामे आहेत कप," नवरा मांडीवरची कुंडी सावरत म्हणाला. "हवा नेतेस होय गं, दोनखेप?"

"तू पुढं बघून चालव," मावशी म्हणाली.