भोगीचं तेल

विश्राम गेला तेव्हा मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा झाली आणि चंद्रहासला दोन शब्द बोलायला उभं केलं. का, तर जपानच्या सहलीत दोघं एका खोलीत होते. चंद्रहास माइकपाशी गेला, ‘चांगला माणूस होता’ एवढं पुटपुटला आणि खाली बसला. त्याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. विश्रामचं गाव कुठलं, बायको आहे की नाही, पंचवीस वर्षं इथे बस चालवण्याआधी तो काय करायचा, कशाचाच पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते एवढंच, की हा माणूस सकाळी बेसिनपाशी उभा राहून असा घसा खाकरायचा, की ऐकणाऱ्याच्या तोंडातला चहा तोंडातच राहावा. पायाची नखं चटईवर बसून कापायचा आणि तुकडे बोटाने टिपून खिशात टाकायचा. ओले मोजे हीटरवर वाळत घालायचा आणि मग खोलीभर तो वास. हे शोकसभेत कसं सांगणार?

जानेवारीत मेलबर्न भाजून निघतं आणि शाळांना सुट्ट्या असतात. तेव्हा विश्राम रजा टाकायचा आणि मराठी मंडळातली कुटुंबं गोळा करून उत्तर जपानमधल्या एका डोंगरी गावात बर्फ दाखवायला न्यायचा. या वर्षी चंद्रहासचा मुलगा अजित आणि सून सुमेधा निघाली, नात अनुष्का निघाली, मग म्हाताऱ्याला घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून चंद्रहासही निघाला. त्याची स्वतःची एकच इच्छा होती, तीही त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्या गावातल्या, मुक्कामाच्या लाकडी खानावळीच्या मागे उघड्यावर गरम झऱ्याचं कुंड होतं. त्यात गळ्यापर्यंत बसायचं आणि वरून पडणारा बर्फ बघायचा, गप्प. सत्तरी उलटलेल्या माणसाने असलं काही मागावं याची त्याला लाजच वाटायची.

गाव खरंच देखणं होतं. छपरांवर पुरुषभर बर्फ, देवदारांच्या फांद्या भाराने वाकलेल्या, आणि आवाज म्हणाल तर फक्त कुणीतरी फावड्याने दार मोकळं करत असल्याचा. आपली माणसं बसमधून उतरली आणि तो आवाजही संपला. पहिल्या दिवशी बर्फात चालायचे रुंद बूट घालून जंगलात जायचं होतं. अर्ध्या वाटेवर सारंगने, म्हणजे अजितच्या मित्राने, पाठपिशवीतून कालाखट्ट्याची बाटली काढली. मग सगळ्यांनी हाताने बर्फ खरवडून गोळे केले, त्यावर सरबत ओतलं, सुर्र सुर्र चोखले आणि उरलेले तिथेच टाकले. दुसऱ्या दिवशी घसरगाडीने त्याच उतारावरून खाली येताना पांढऱ्या बर्फात ते जांभळे डाग दिसले. कुणीतरी ओकून ठेवल्यासारखे. चंद्रहासने तोंड फिरवलं.

“इट्स सो ग्रॉस, आजोबा,” अनुष्का म्हणाली.

“हो गं बाई,” तो म्हणाला.

विश्राम मात्र रोज एकच गोष्ट सांगायचा. “लोकहो, म्हातारीला सांभाळा.” म्हातारी म्हणजे खानावळीची मालकीण. त्या भागात वीस-वीस जणांना ठेवून घेऊन वर आपलं स्वयंपाकघर वापरू देणारी ती एकटीच. एकदा तो चंद्रहासला म्हणाला, “अण्णा, दुसरीकडे कुठे आपल्याला फोडणी घालू देतात? ही हो म्हणते तोवर माझी ट्रिप. हिने तोंड फिरवलं की बारा महिने मी आणि डेपो.” एवढं बोलून तो खाकरला आणि चंद्रहासचं लक्ष त्या बोलण्यावरून उडालं.

कुंडाचा नियम विश्रामने बसमध्येच माइकवर सांगितला होता. आधी नळाखाली बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, मगच पाण्यात उतरायचं. पाणी सगळ्यांचं. गावातले म्हातारेही तिथेच येतात.

आणि मध्येच भोगी आली.

सुमेधाने घरून बाजरीचं पीठ आणलं होतं, आणि वाटलेले तीळ व तिळाच्या तेलाची बाटलीही. भोगीला तीळ लावून न्हायचं, हे चंद्रहासच्या बायकोच्या वेळेपासून त्या घरात चालत आलेलं. परदेशात आलं तरी सुटायला नको, असं सुमेधाचं म्हणणं. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट झालं ते पुढे. अजित आणि सारंग सकाळी कपडे बदलायच्या खोलीत अंगभर तेल आणि तीळ चोळून घेऊन, नळाकडे न बघता, थेट कुंडात उतरले.

“तेल जिरायला नको का अंगात?” अजित फोनवर व्हिडिओ काढत ओरडत होता. “खाली गरम पाणी, वर बर्फ, अंगाला तेल! राजेशाही भोगी, मित्रांनो!”

दोन दिवस कुंडापाशी गर्दी होती म्हणून थांबलेला चंद्रहास टॉवेल घेऊन आला तेव्हा दोघं बाहेर निघत होते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला होता, रंगीत, रस्त्यावरच्या डबक्यात असतो तसा. कडेच्या लाकडाला वाटलेल्या तिळाचा राखाडी लगदा चिकटला होता आणि त्यात केस. वरून बर्फ पडत होता, अगदी हळू, जसा त्याने मनात पाहिला होता तसाच, आणि त्या तवंगावर पडून विरघळत होता. गावातला एक म्हातारा नळाखाली न्हाऊन आला, कुंडाकडे बघितलं, हातातला छोटा टॉवेल घडी करून पुन्हा टोपलीत ठेवला, चंद्रहासपुढे वाकला आणि निघून गेला. चंद्रहास तसाच उभा, कमरेला टॉवेल गुंडाळून.

विश्राम धावत आला. “कुणी केलं हे?”

“अरे मेट, थोडं तेल आहे,” अजित म्हणाला. “नॅचरल आहे. वाहून जाईल. नो वरीज.”

विश्राम तडक मालकिणीकडे गेला. चंद्रहास घाईने कपडे चढवून मागोमाग गेला आणि दाराशी थांबला. विश्रामने फोन तोंडाशी धरून इंग्रजीत सांगितलं, तेल मी लावलं होतं, चूक माझी. फोनने ते जपानीत सांगितलं. म्हातारीने विश्रामच्या कोरड्या केसांकडे बघितलं, बसच्या ड्रायव्हरच्या जाड जाकिटाकडे बघितलं. मग आत जाऊन दोन ब्रश आणि सोड्याचा डबा घेऊन आली.

कुंड रिकामं करायला दुपार झाली. विश्राम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरला आणि लाकूड घासू लागला. पलीकडच्या कोपऱ्यात म्हातारी घासत होती. चंद्रहास गरम पाण्याच्या बादल्या आणून देत होता. तिळाचा वास सगळीकडे भरला होता. घरच्या स्वयंपाकघरातला वास, पण इथे तो शिळ्या, खवट तेलासारखा घशात बसत होता.

“तुम्ही कशाला सांगितलंत तुम्ही लावलं म्हणून?” चंद्रहासने शेवटी विचारलं.

“मग काय तुमच्या पोराचं नाव सांगू? ती म्हणेल, हे लोकच असले. माझ्या एकट्यावर आलं तर म्हणेल, हा ड्रायव्हर असला. ड्रायव्हर बदलता येतो, अण्णा. लोक कुठून बदलणार?” तो हसला, खाकरला, सवयीने बाजूला थुंकला आणि लगेच ओशाळून स्वतःच त्यावर बादलीभर पाणी ओतलं. म्हातारीने बघितलं होतं. चंद्रहासनेही. एवढं सगळं करून माणूस तिथेच थुंकतो!

झऱ्याच्या पाण्याने कुंड पुन्हा भरायला दुसरी सकाळ उजाडणार होती, आणि दुसऱ्या सकाळी निघायचं होतं. चंद्रहास त्या पाण्यात बसलाच नाही.

विमानतळाकडे जाताना अजितने बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. त्याने खानावळीला नेटवर पाचपैकी दोन तारे दिले होते. ‘जागा सुंदर, पण मुख्य आकर्षण असलेलं कुंड पूर्ण दिवस बंद. व्यवस्थापन ढिसाळ.’ सोबत रिकाम्या कुंडाचा फोटो. फोटोच्या कडेला विश्रामची दुमडलेली पँट आणि लाल झालेले पाय दिसत होते. सारंग हसला. आणखी दोघं-तिघं हसले.

“काढून टाक ते,” चंद्रहास म्हणाला.

“बाबा, फीडबॅक असतो तो. तुम्हाला नाही कळायचं.”

पुढच्या सीटवर विश्रामने मान वळवली नाही. चंद्रहासला आपल्या मुलाच्या केसांतून अजून तिळाचा वास येत होता. तो उठून मागच्या सीटवर जाऊन बसला.

अभिप्राय अजितने काढला नाही. मे महिन्यात विश्रामने पुढच्या सहलीसाठी म्हातारीला फोन केला, तर ती नाही म्हणाली. विनयाने, पण ठाम. विश्रामने मंडळाच्या व्हॉट्सॲपवर एवढंच टाकलं, ‘जपान पुढच्या जानेवारीत नाही.’ जुलैत डेपोमध्येच तो छातीत कळ येऊन कोसळला. ग्रुपवर ‘ॐ शांती’ची रांग लागली, हात जोडलेली चित्रं, फुलं. आणि त्या रांगेच्या मधोमध कुणीतरी विचारलं होतं, मग आता स्नो ट्रिप कोण करतंय? खाली अजितचा अंगठा. चंद्रहासने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि उठून हात धुतले.

जपानहून परतल्यावर दोघांची भेट झाली नव्हती. शेवटची भेट परतल्या दिवशीची. मेलबर्नच्या विमानतळावर बाहेर उन्हाची झळ येत होती. अजित गाडी आणायला गेला होता. विश्राम सगळ्यांच्या बॅगा मोजून देत होता, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, नेहमीसारखा खाकरत. चंद्रहासची पाठपिशवी त्याने हातात दिली आणि जरा जवळ आला. चंद्रहास नकळत एक पाऊल मागे सरला.

“अण्णा, माझे ओले मोजे चुकून तुमच्या पिशवीत गेलेत. घरी गेल्या गेल्या काढा, नाहीतर वास मारतील.”

“बघतो,” चंद्रहास म्हणाला.