बरणीतल्या अळ्या

सेलू-परभणी एसटीत शेजारच्या बाईंच्या मांडीवर बरणी होती. तोंडाला फडकं, आत पाण्यात डासांच्या अळ्या. खड्डा आला की बाई बरणी पोटाशी धरायच्या, मधूनच बिस्किटाचा चुरा टाकायच्या. मला किळस आली.

"कॉलेजात न्यायलेय," त्या म्हणाल्या. "कडुलिंबाच्या पानात बुरशी राहती. तिच्या अर्कानं ह्या मरतात का बघायचंय."

"मारायच्याच, तर एवढ्या जपता कशाला?"

"वाटंतच मेल्या तर अर्काचा गुण कसा कळंल, भाऊ?"

तिकीट काढायला त्यांनी बरणी माझ्या हातात दिली. तेवढ्यात मनगटावर डास बसला. मी एक हात सोडताच त्या ओरडल्या, "बरणी सांभाळा! चावू द्या भाऊ, यांचीच आई असंल."

आणि मी, चांगला शहाणासुरता माणूस, तिचं पोट भरेस्तोवर गप्प बसलो.