खारट भाजी आणि सात नंबरची लाईन

चहा आधी संपवा, मग सांगतो. माझा गाढवपणा ऐकताना घोट तोंडात असला तर तो नाकातून येतो, असा आजवरचा अनुभव आहे.

मी मगदूम. कोल्हापूरजवळ कळंब्यात राहतो, पुण्याच्या कंपनीसाठी घरात बसून इकडच्या कारखान्यांचे प्रोग्रॅम लिहितो. बायको पद्मजा आणि मुलगी पुण्यात. मुलीचं कॉलेज तिकडं, पद्मजाची नोकरी तिकडं, आणि मी इकडं तीन खोल्यांचा राजा! त्यात आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. एकट्या माणसाला हे फार महागात पडतं हो. उजेड असतानाच ताट घासून झालं, आता पुढं करायचं काय? टीव्ही लावायचा आणि बातम्या देणाऱ्या बाईला "हो का?" म्हणायचं. मी म्हणायचो. खोटं कशाला सांगू?

अशात पुण्याच्या साहेबांनी शब्द दिला. "कागलचं काम शुक्रवारी पास कर, तुझी पुण्याला बदली."

मला दुसरं काय हवं होतं!

काम असं. कागल पंचतारांकित एमआयडीसीत एक कारखाना, त्याच्या गेटवर दिव्यांचा भला मोठा बोर्ड. पाळी सुटली, ट्रक आला, असले निरोप त्यावर दाखवायचे. माझ्या प्रोग्रॅमचे भाग दोन. एक दारात उभा, तो येणारी लाईन, म्हणजे फोनसारखी जोडणी, घेतो आणि निरोप वाचतो. दुसरा आत बसलेला, तो त्याच लाईनवर उत्तर देतो. म्हणजे दारातल्यानं लाईन आतल्याच्या हातात सोपवायला हवी. ह्या सोपवण्याला आमच्या धंद्यात फाइल डिस्क्रिप्टर पास करणं म्हणतात. नावाला घाबरू नका. मीही घाबरलो नाही, तिथंच चुकलं!

बोर्ड शुक्रवारी इंटरनेटवरून माझ्या प्रोग्रॅमला जोडायचा ठरला होता. तोवर घरी चाचणी. मी स्क्रीनवरच्या एका खिडकीत काहीतरी टाइप करायचं, प्रोग्रॅमनं तेच मला जसंच्या तसं परत पाठवायचं. सोमवारी लिहिलं, 'हॅलो'. परत काही आलं नाही. पुन्हा 'हॅलो'. सामसूम! म्हटलं, उत्तराचं नंतर बघू, आधी निरोप आत पोचतोय ना, तेवढं तपासू.

आणि मनातलं सांगू? ती सामसूम मला आवडायला लागली. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. मी लिहिलं, 'दोडक्याची भाजी केली. खारट झाली. नावं ठेवायलासुद्धा घरात दुसरं कुणी नाही.'

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे फोरमन चौगुले यांचा फोन.

"सायेब, भाजी लई खारट झालीय व्हय? एक बटाटा टाका की!"

"आमच्यात बटाटा चालत नाही हो."

"मग कणकंचा गोळा टाका. मीठ वडून घेतोय त्यो."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. आणि मग माझी ट्यूब पेटली. माझी भाजी खारट झाली हे कागलमध्ये कसं कळलं?

मी उठून खिडक्या लावल्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंवर संशय घेतला. तरी चैन पडेना, तेव्हा तेही चाचणीच्या खिडकीत लिहून टाकलं. 'चौगुल्यांना भाजीचं कुणी सांगितलं?'

तासाभरात पुन्हा चौगुले.

"सायेब, आईशपथ, मी कुणाला बोललो न्हाय हां!"

"मग?"

"आवो, सगळ्यांस्नीच म्हाईत हाय!" एवढं बोलले, मागं भोंगा वाजला आणि फोन कट.

सगळ्यांना? आता ह्याला कणकेचा गोळा पुरणार नव्हता. लगेच पुण्याला फोन लावला.

"अगं, तू चौगुल्यांशी काही बोललीस का?"

"कोण चौगुले?"

"भाजीविषयी गं."

 पद्मजा एकदम मऊ आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही नीट झोपताय ना?"

तिला म्हणायचं होतं की नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मला म्हणायचं होतं की तुझ्याशिवाय करमत नाही. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर असलं फोनवर बोलवत नाही हो. मग बुधवारी ते मी कुठं लिहिलं असेल? त्याच खिडकीत! 'पद्मजा, घर खायला उठतं. रोज दोन कप चहा करतो आणि एक ओतून टाकतो. शुक्रवारी पास झालो की सुटलो.'

गुरुवारी दुपारी दारात कारखान्याची जीप. ड्रायव्हरच्या हातात डबा.

"पावणं, मगदूम सायेब हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"मीच."

"अरारारा! बोर्डावर वाचून वाटलं त्यापेक्षा लईच वाळलाय की वो! ह्यो डबा घ्या. क्यांटीनच्या आक्कानं दिलाय, कांदा-लसूण काय न्हाय त्यात."

"कुठल्या बोर्डावर?"

"गेटवरच्या! चौगुलेमामानी हौसंनं सोमवारीच जोडला न्हवं का? पाळी सुटली तरी मानसं घरला जाईनात. बायका तर डोळं पुसाय लागल्या काल."

मी डबा घेऊन तिथंच पायरीवर बसलो.

आता चूक ऐका. अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला ठेवल्यावर टोकन मिळतं. समजा तुमचं सात नंबर. तुम्ही मित्राला नुसतं "सात" सांगितलंत आणि तो भलत्याच स्टँडवर गेला, तर त्याला दुसऱ्याच कुणाच्या चपला मिळतील. डिस्क्रिप्टरचा, म्हणजे लाईनचा, आकडा तसाच असतो, ज्याच्या त्याच्या स्टँडपुरता. लाईन सोपवायची तर ती सिस्टीमच्या मध्यस्थीनं सोपवावी लागते, मग सिस्टीम त्या लाईनला आतल्याच्या स्टँडवरचा नवा आकडा देते. मी शहाण्यानं नुसता आकडा पाठवला, सात! दारातल्याकडं सात म्हणजे माझी खिडकी. आतल्याकडं सात म्हणजे कागलचा बोर्ड! मला परत यायचं ते सगळं इमानेइतबारे गेटवर झळकत होतं.

संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं. शुक्रवारी काम पास. साहेबांचा फोन आला तेव्हा मी बॅग काढूनच बसलो होतो.

"मगदूम, क्लायंट जाम खूश! म्हणतात, एवढा मायाळू इंजिनियर पाहिला नाही."

"थँक्यू सर. मग बदली?"

"अरे, तीच तर गंमत! त्यांनी अटच घातलीय, हा माणूस इथून हलवायचा नाही. पुढची दोन वर्षं तू तिथंच!"

पद्मजाला सांगितलं. आधी ती पोट धरून हसली.  मग भात लागेल म्हणून तिनं फोन ठेवला.

ठेवला तोच चौगुले.

"सायेब, बोर्ड बिघाडला की वो! नुस्तं पाळी सुटली आन् ट्रक आला, एवढंच येतंय. मानसं इचारत्यात. दुरुस्त करा की!"

त्यांना काय सांगणार, दुरुस्त केला म्हणूनच बिघडलाय?

तरी एकदा तपासून बघितलं. चाचणीच्या खिडकीत लिहिलं, 'जेवलास का?'

ह्या वेळी उत्तर लगेच आलं. 'जेवलास का?'

मी "हो" म्हटलं आणि नोंद केली, चाचणी यशस्वी.