भोंगा न वाजवणारी

डेपोत तिला सगळे मौनीबाई म्हणायचे. आता ही बाई मौनी कुठली! सकाळी बसची चावी हातात आली की जो तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो संध्याकाळी चावी परत करेपर्यंत. कंडक्टर म्हणायचा, "तिकिटं फाडून माझे हात दुखत नाहीत, हिचं ऐकून कान दुखतात." पण एवढ्या वर्षांत तिच्या बसचा भोंगा कुणाच्या कानावर पडला नव्हता, नाव पडलं ते त्यावरून. खात्री असल्याशिवाय भोंगा दाबायचा नाही, हा तिचा बाणा. उगाच भोंगा वाजला की पुढचा घाबरतो, आणि घाबरलेला माणूस कुठेही वळतो. त्याआधीच ब्रेकवर पाय गेला पाहिजे, नाहीतर ड्रायव्हर कसला?

हे तिला शिकवलं बाबांनी. तेही बसच चालवायचे. त्यांचा दुसरा धडा असा, की डोळा एका जागी ठेवायचा नाही. समोर, डावा आरसा, समोर, उजवा आरसा. "टक लावून बघायला रस्ता म्हणजे काय सिनेमा आहे?" आणि नशीब बघा, त्याच बाबांचे डोळे काचबिंदूने खाल्ले. तेही कडेकडेने, चोरपावलांनी. समोरचं लख्ख दिसायचं, त्यामुळे त्यांना स्वतःलाही पत्ता लागला नाही. एक दिवस डेपोच्या फाटकाचा खांब त्यांनी बसने खरवडला आणि खाली उतरून विचारलं, "हा खांब इथे कधी आणून लावला?" त्या दिवशी स्टिअरिंग सुटलं. पुढे समोरचंही गेलं. आता ते पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत बसून असायचे. खालून लेकीची बस जायची.

म्हणून वर्षाच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वडिलांना काचबिंदू ना? मग कडेचं कितपत दिसतं तेही बघून घेऊ," तेव्हा मौनीबाईला फाटकाचा तो खांबच आठवला. तपासणी झाली. जिथे दिसलं नाही, तिथे कागदावर काळा डाग. असे नुसते डागच उमटले, इथे एक, तिथे एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाग कसेही विखुरलेत, ह्यावर माझा भरवसा नाही. परत करू. पण तोवर बस नाही." आणि दुसऱ्यांदाही असंच आलं, तर कायमची तिकीट-खिडकी. बसमधून जग बघणाऱ्या बाईने भोकातून हात बाहेर काढून तिकिटं द्यायची! त्या आठवड्यात तिचं बोलणंच आटलं. कंडक्टरलासुद्धा करमेना.

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी बाबांनी विचारलं, "पास झालीस तर दुपारची फेरी तुझीच ना?"

"हो, ठेवलीय माझ्यासाठी."

"मग फोनबिन करू नकोस. खिडकीखालून जाताना भोंगा वाजव."

"काहीतरीच काय बाबा! करते ना मी फोन."

"फोनवर तू मला गोड गोड खोटं सांगशील," बाबा म्हणाले. "खोटा भोंगा तुझ्याच्याने वाजायचा नाही."

तिने चप्पल घातली आणि निघाली.

तपासणीची खोली अंधारी. आत पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं यंत्र. ते चालवणारा माणूस पिकल्या मिशांचा, सावकाश बोलणारा. त्याने तिचा एक डोळा झाकला, हनुवटी टेकवायला लावली आणि हातात बटण दिलं. मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघायचं, आजूबाजूला ठिपका चमकला की दाबायचं. इतकं सोपं. डावीकडे ठिपका चमकला आणि तिचा डोळा गेलाच तिकडे. उजवीकडे चमकला, तिकडे गेला. यंत्रवाल्याने यंत्र थांबवलं.

"ताई, डोळा पळतोय. मागच्या वेळीही पळाला असणार."

"पळणारच दादा! त्या पळण्यावर आमची चूल पेटते."

"आणि पुसट ठिपका दिसला तर दाबता ना?"

"खात्री नसताना कशी दाबू?"

यंत्रवाल्याने कपाळाला हात लावला आणि खुर्ची पुढे ओढली. "अहो, इथे सगळा उलटा कारभार आहे. तुम्हाला ठिपका दिसला की यंत्र तिथलाच पुढचा ठिपका आणखी फिका करतं. दिसेनासा होईपर्यंत फिका करत जातं. फिक्यात फिका किती टिपता, तेवढंच बघायचंय. ठणठणीत डोळ्यालाही निम्मे ठिपके दिसत नाहीत. पुसटसा जाणवला तरी दाबा. फक्त डोळा हलवू नका."

"निम्मे दिसतच नाहीत? म्हणजे मागच्या वेळी मी घरी जाऊन उशी भिजवली ती फुकटच?"

"अगदीच फुकट."

सांगणं सोपं हो. वर्षानुवर्षं भिरभिरणारा डोळा तो, सांगून थोडाच ऐकतो! ती तशीच बसून राहिली. आपला डोळा कधी एका जागी राहतो का? आणि एकदम आठवलं. लाल सिग्नल! मोठ्या चौकात पाय ब्रेकवर, नजर लाल दिव्यावर, आणि तरी तिला सगळं कळत असतं. डावीकडून कुणी बसच्या दारासाठी धावत येतोय, उजवीकडून एक सायकल घुसतेय. मान नाही, बुबूळ नाही, काही हलत नाही.

"लावा दादा यंत्र," ती म्हणाली. "सिग्नल पडलाय."

मग काय विचारता! पिवळा दिवा तिने मनातल्या मनात लाल करून टाकला आणि त्यावर नजर रोवली. वरच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं, दाबलं. खाली डावीकडे आहे-नाहीसं काही जाणवलं, तेही दाबलं. मधेच नुसता अंधार, तर असू दे अंधार, सिग्नल पडलाय. मग दुसरा डोळा. उठली तेव्हा मान आखडली होती आणि हाताला घाम होता.

कागद आला. सगळीकडे स्वच्छ, पण दोन्ही डोळ्यांत कडेला एकेक काळा ठिपका. तिचा चेहरा पडला. "हे काय, दादा?"

"तो तर मलाही आहे. सगळ्यांनाच असतो. डोळ्याची शीर तिथून मेंदूकडे निघते, तिथे दिसायची सोयच नाही. यंत्र मुद्दाम तिथे ठिपके टाकतं. डोळा पळाला तरच ते दिसतात. मागचा कागद आत्ता बघितला, तेव्हा तुम्हाला दिसले होते." त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "आज एकही दिसला नाही. डोळे ठणठणीत आहेत ताई!"

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगून सही केली, आणि मौनीबाई जिन्यावरून उतरली ती एकेक पायरी गाळत. डेपोत शिरताच तिने आरोळी ठोकली, "कुठाय माझी चावी?" कंडक्टर कानांवर हात ठेवून हसत पुढे आला.

दुपारची बस घराच्या रस्त्याला लागली. समोर रस्ता मोकळा, ना माणूस ना गाडी. असल्या मोकळ्या रस्त्यावर तिने जन्मात भोंगा दाबला नसता. तिने तळहात ठेवला आणि दाबला. दाबूनच ठेवला. लांबलचक, बेसूर, वर्षानुवर्षांचा साठलेला भोंगा! कंडक्टरच्या हातातली चिल्लर सांडली, उतारू दचकून उभे राहिले.

तिने नजर रस्त्यावरून काढली नाही. पण डाव्या कडेला, वरच्या खिडकीत, बाबा दोन्ही हात उंच करून उभे होते, ते तिला स्पष्ट दिसलं.