खिडकीवर चिकटवलेलं पत्र

लढाईच्या त्या दिवसांत मी जबलपूरच्या कारखान्यात तोफगोळ्यांची मापं तपासायचो. ड्यूटी सुटली की दंडाला पट्टी बांधून स्वयंसेवक व्हायचो. बॉम्ब पडलाच तर काचा उडू नयेत म्हणून खिडक्यांवर कागदाच्या फुल्या चिकटवायच्या, हे काम. घाटाजवळच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाच्या खिडक्या मीच मागून घेतल्या.

संग्रहालय सांभाळणारे भैयाजी माझ्यावर खूश होते. त्यांच्याकडे मराठ्यांच्या अमलातलं एक मोडी पत्र होतं. वर्षानुवर्षं जपलेलं, पण वाचणारा मिळेना. "माझे सासरे वाचतात, येत्या रविवारी नागपूरहून येऊन राहिले," असं मी सांगून बसलो होतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इथं आले, हे तर मी त्यांना दर भेटीत ऐकवायचो.

शनिवारी भैयाजी जेवायला गेले होते. शेवटच्या खिडकीपाशी माझी वर्तमानपत्रं संपली. टेबलावर एक जाड कागद होता, त्यावर कुणीतरी टाक चालतो का पाहिल्यासारखी गिचमिड. मोडी मी जन्मात पाहिली नव्हती. ओळी सरळ होत्या, त्या धरून कात्री चालवली, मागं भरपूर खळ फासली आणि फुली मारली.

भैयाजी आले, खिडकीकडे बघत खुर्चीत बसले. म्हणाले, "आप ही के पुरखों की चिट्ठी थी, बाबूजी. कल ससुरजी को ले तो आइए."

रविवारी सासरे खिडकीपाशी उभे राहिले. "जावईबापू, मान आधी उजवीकडे वाकवू का डावीकडे?" एवढंच बोलले आणि वाचू लागले. भैयाजी पेन्सिलीनं उतरवून घेत होते. कुणा शिपायानं घरी लिहिलेलं पत्र. नर्मदेला पूर आहे, होडी चालत नाही. मुलगा झाल्याचं कळलं. त्याचं नाव मात्र...

"मात्र?" भैयाजींची पेन्सिल थांबली.

नाव फुलीच्या मधोमध, वरच्या पट्टीखाली होतं. ओलं फडकं लावून तासभर आम्ही ती पट्टी सोडवली. माझ्या खळीत शाई विरघळून नुसता काळा डाग उरला होता.

भैयाजींनी वहीत तेवढी जागा कोरी सोडली. मी अजून जातो, दर वेळी एखादं नाव सुचवतो. ते चहा मागवतात, नाव नीट ऐकून घेतात आणि लिहीत नाहीत.