नंदुरबारचा खर्च आणि आमची म्हैस

माझे यजमान सुतार. रनाळे गावात नांगर-वखर करून द्यायचे आणि सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचं, असं आमचं चाललं होतं. एके दिवशी नंदुरबारच्या एका जिनातून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, बोलावणं आलं: मिस्त्री हवा, महिना बावीस रुपये रोख. यजमान हरखले. सासूबाई चुलीपुढूनच म्हणाल्या, "तठे पानी बी इकत लेवं पडस!"

मी म्हटलं, आधी बघून येते. नंदुरबारात माझी मावशी राहायची. तिच्याकडे चार दिवस राहिले आणि दिसेल त्याला भाव विचारत सुटले. खोलीचं भाडं चार रुपये. वर घरमालक घरपट्टीही भाडेकऱ्याकडूनच काढी. गावात कापसाच्या पऱ्हाट्या फुकट जाळायच्या, इथे सरपण विकत. पाणक्या वेगळा. घरचं तूप नेलं तर नाक्यावर जकात. सगळं धरून दोन रुपये कमीच पडत होते.

परतताना नाका लागला. मी कारकुनाला विचारलं, "भाऊ, तूपले जकात शे, तशी म्हैसले बी शे का?"

"घरी बांधायच्या म्हशीला नाही, बाई."

"आनि तिना पोटमधला दूधले?"

त्याने टाक खाली ठेवला. "ते मोजू कसं?"

घरी पोचताच मी सांगून टाकलं: आपली म्हैस बरोबर न्यायची. जिनात सरकी स्वस्त मिळेल, ती तिला घालू. दूध विकू, तूप तिथेच कढवू.

यजमान म्हणाले, "नोकरी मन्ही शे का म्हैसनी?"

पण गाडी जुंपली. म्हैस मागे बांधून दिवसभर चालवली. दुसऱ्या दिवशी पहाटे जिनाचा भोंगा वाजला आणि तिने दूधच चोरलं. तीन दिवस थेंब नाही! मावशीने जमवलेली गिऱ्हाइकं रिकामी भांडी घेऊन परत गेली. यजमान जिनातून आले की आधी रिकाम्या चरवीत डोकवायचे. शेवटी गावी राहिलेल्या सासूबाईंना निरोप धाडला.

त्या आल्या त्या थेट खोलीमागच्या गोठ्यात. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत तिच्याशी गावच्या गोष्टी बोलत बसल्या. संध्याकाळी चरवी भरली.

त्या महिन्याचं भाडं दुधातूनच निघालं. भाडं दिल्यावर आठवड्याने मी सासूबाईंना विचारलं, परतायला गाडी सांगू का? मापटं धूत त्या म्हणाल्या, "मंग म्हैसकडे कोन देखी?" आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी भावावरून भांडायला लागल्या.