मार्कांवर पास झालेले खांदे

फिजिओथेरपीच्या खोलीत काही वर्षं काढली की माणसाकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतातच. त्यात आमचे सर नाशिकमध्ये खांद्याचे सांधे बदलतात. बदलल्यावर पेशंट बरा झाला का, हे मात्र पेशंटला नाही, मार्कांना विचारतात. ऑपरेशनआधी प्रश्नावली भरून मार्क, नंतर पुन्हा तीच भरून मार्क. फरक ठरलेल्या आकड्यापुढे गेला तर ‘अर्थपूर्ण सुधारणा’. नाही गेला, तर पेशंटला वाटणारा आराम हा त्याचा गैरसमज.

प्रश्न परदेशी, विचारायचं काम माझं. घोटीच्या एक मावशी, आयुष्य भातलावणीत गेलेलं. त्यांना मी गंभीरपणे विचारलं, खांद्यावरून बॉल फेकता येतो का? मावशींनी मला नीट न्याहाळलं.

“कुणाला मारायचाय?”

मी ‘लागू नाही’ लिहिलं. सर म्हणाले असा पर्यायच नाही, शून्य दे. मावशी नापास.

अंबडच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक फोरमन मात्र मेरिटमध्ये आले. हात थेट छताकडे. सरांनी कौतुकाने फोटो काढले. फोरमनचा चेहरा पडलेलाच, कारण हात मागच्या खिशापर्यंत जात नव्हता. सरांनी समजावलं की वर किती छान जातोय बघा.

“जातोय ना. पण मला कुणाला शरण जायचं नाहीये.”

नांदगावचे एक दुकानदार बायकोसमोर दुखणं दहापैकी आठ सांगायचे. बायको औषधं आणायला गेली की दोन. बरा झालो म्हटलं तर माळा आवरायला लावेल, अशी भीती. कुठला आकडा लिहू, असं मी सरांना विचारलं. त्यांनी शास्त्रीय तोडगा काढला, सरासरी. कागदोपत्री शेठजींचा खांदा पाच दुखतो. प्रत्यक्षात तसा तो कधीच दुखला नाही.

आणि मालेगावच्या जुबेदाआपा. उजवा खांदा बदललेला, मार्क जेमतेम हललेले. सरांनी पडेल आवाजात सांगितलं की ऑपरेशनचा म्हणावा तसा फायदा झालेला नाही. आपा तर पेढे घेऊन आलेल्या. सरांना कळेना. त्यांनी विचारलं, नेमकं काय सुधारलं?

“आता उजव्या कुशीवर झोपता येतं, डॉक्टरसाब. इतकी सालं डाव्याच कुशीवर झोपायचे.”

“मग?”

आपांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. “डावीकडे हे झोपतात.”

चाचांनी शांतपणे पेढा उचलला. “मलाबी लय आराम पडला.”